यंत्राची नाडी ओळखणारा कारागीर

तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातील साखर, दोन्ही वेळेगणिक घटत जातात. म्हणूनच गळीत हंगामात साखर कारखान्याची मिल एखाद्या रात्री बंद पडली, तर ते नुकसान कारखान्यापुरते राहत नाही. फाटकाबाहेर खोळंबलेल्या गाड्यांतील ऊस वाळत असतो. अशा वेळी सर्वांचे डोळे लागतात ते हत्यारांची पेटी घेऊन येणाऱ्या फिटरकडे. आपल्या गावातील मुलांनी हा व्यवसाय पत्करावयाचा, तर त्यांच्या अंगी काय असावे लागते?

पेटीतील हत्यारे बहुतेकांच्या परिचयाची असतात: निरनिराळ्या मापांचे पाने, पेचकस, हातोडा, छिन्नी, हॅकसॉ आणि कानस. ह्यांपैकी कानस दिसावयास साधी, परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आय.टी.आय.) आरंभीचे कितीतरी दिवस तिच्यावरच हात बसवावा लागतो. घासलेल्या पृष्ठभागावर गुण्या ठेवून तो उजेडासमोर धरतात. फटीतून उजेड दिसला, की पुन्हा घासणे आले. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. एका कार्यशाळेत त्याने हौसेने कानस हाती घेतली, तेव्हा लोखंडाच्या कडा तेवढ्या झिजल्या आणि मध्ये उंचवटा राहिला!

पुढचा भाग मोजमापाचा. नेहमीच्या व्हर्नियर कॅलिपरने ०.०२ मि.मी. आणि मायक्रोमीटरने ०.०१ मि.मी. इतके सूक्ष्म अंतर मोजता येते. दशांश अपूर्णांक कच्चे असलेला विद्यार्थी येथे अडखळतो, ही गोष्ट गणिताच्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. यंत्राचा आराखडा वाचणेही आवश्यक असते.

तथापि खरे कसब दोष शोधण्यात आहे. पंपाचे बेअरिंग वारंवार निकामी होत असेल, तर नवे बसवून काम भागत नाही. मोटार आणि पंप यांचे शाफ्ट एका रेषेत नसले, की नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत जाते. डायल गेज लावून ती रेषा तपासावी लागते. जाणते कारागीर लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरतात आणि घरघर कोठून येते ते सांगतात. हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. अनुभवी माणसाच्या हाताखालीच मिळते.

यंत्र उघडण्यापूर्वी वीज बंद करून स्विचला कुलूप घालणे आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवणे, ह्या नियमाला अपवाद नाही. 'दोन मिनिटांचे तर काम' असे म्हणणाऱ्यांनी बोटे गमावली आहेत. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच करण्यात आली होती.

कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण मुलामुलींना त्यास प्रवेश मिळू शकतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. यंत्रांच्या देखभालीसाठी 'मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स' हा स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रमही आहे. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी शाळेने मुलांना जवळच्या संस्थेची कार्यशाळा एकवार दाखवून आणावी. कानशीच्या आवाजाने कोण कंटाळतो आणि कोण जवळ जाऊन वाकून पाहतो, हे शिक्षकांना तेथेच दिसेल.