कॉलेजची फी : आधी पावती वाचा, मग हिशेब मांडा

आमच्या विंचूरचा बाजार कांद्यावर चालतो. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार गावातच आहे. कांद्याला भाव मिळाला की कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक येते, आणि भाव पडला की उधारीची वही जाड होते. मी या गावात वर्षानुवर्षे कापड विकतो आहे. पूर्वी जून-जुलैमध्ये दुकानात गणवेशाच्या कापडाची आणि पावसाची बोलणी होत. आता कॉलेजच्या फीची होतात. म्हणूनच व्यापाराच्या या पानावर हा विषय घेतला आहे. आज आपल्या लोकांच्या घरात लग्नाच्या खालोखाल मोठा खर्च कोणता असेल, तर तो मुलांच्या उच्च शिक्षणाचा.

हा खर्च असा का वाढला, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सरकारी विद्यापीठाची फी म्हणजे नाममात्र फी, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत होती आणि ती खोटी नव्हती. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. निफाड, लासलगाव, येवला येथील कॉलेजे त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. २०१४ पासून त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. प्राध्यापकांच्या पगाराचा मोठा भार शासन उचलत असे, त्यामुळे विद्यार्थ्यावर थोडाच बोजा पडे.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना वाट मोकळी झाली. जागा वाढल्या हे खरे, पण खर्च पालकावर आला. १९९१ नंतर देशाची आर्थिक दिशा बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्या. पुन्नय्या समितीने १९९३ च्या सुमारास शिफारस केली, की विद्यापीठांनी पहिल्या पाच वर्षांत आपल्या चालू खर्चाच्या १५ टक्के आणि दहा वर्षांअखेर २५ टक्के रक्कम फी व इतर मार्गांनी स्वतः उभी करावी. पुढे साध्या कॉलेजांतही नव्या तुकड्या आणि नवे अभ्यासक्रम अनुदानाशिवाय सुरू होत गेले. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करण्यास सांगितले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तोच ६ टक्क्यांचा आकडा आहे. मधल्या काळात तो कधीच गाठला गेला नाही. जी रक्कम वरून आली नाही, ती खालून, म्हणजे तुमच्या-आमच्या गल्ल्यातून वसूल होऊ लागली.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडमध्ये १९९८ साली विद्यार्थ्यांवर वर्षाला १,००० पौंड फी बसली. २००६ मध्ये तिची मर्यादा ३,००० आणि २०१२ मध्ये ९,००० पौंड झाली. उलट जर्मनीत काही राज्यांनी लावलेली फी २०१४ पर्यंत पुन्हा रद्द झाली. म्हणजे फी वाढणे हा निसर्गनियम नाही, तो सरकारचा निर्णय असतो.

एकाच इमारतीत दोन भाव

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. माझा मावसभाऊ मालेगावला यंत्रमागावर कामाला आहे. २०१९ साली त्याचा मुलगा बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाला. सल्ला विचारायला भाऊ माझ्याकडे आला. मी म्हणालो, ‘भाई, काँप्युटरचा जमाना आहे, तिकडे घाल.’ मुलाने बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. फी मोठी होती. उसनवारी करून पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षाचे पैसे उभे राहिले नाहीत आणि मुलाने कॉलेज सोडले.

नंतर मी ती पावती हातात घेऊन नीट वाचली, तेव्हा कळले की तो अभ्यासक्रम विनाअनुदानित होता. त्याच कॉलेजात, त्याच इमारतीत साधी बी.एस्सी. अनुदानित होती आणि तिची फी याच्या काही हिश्शाइतकीच होती. मुलाच्या गुणांवर ती जागा सहज मिळाली असती, आणि पदवीनंतर काँप्युटरची वाटही बंद झाली नसती. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्जही उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्याने राहून गेला. मी ताका हातात घेतल्यावर सूत कोणते आणि पन्हा किती हे विचारल्याशिवाय भाव ठरवत नाही. पण मुलाच्या तालिमीचा सौदा करताना ‘ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित’ एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. तो मुलगा आज बापाच्या शेजारी लूमवर उभा आहे. त्याच्यासमोर बसताना मला आजही अवघडल्यासारखे होते.

पावतीत काय असते?

कॉलेजची पावती म्हणजे एकच रक्कम नव्हे. शिक्षण शुल्क ही त्यातली एक ओळ. त्याखाली प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी कल्याण, विद्यापीठ पात्रता, परीक्षा, ओळखपत्र, अनामत अशा अनेक ओळी असतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांत विकास शुल्क वेगळे असते. सवलत बहुतेक वेळा फक्त शिक्षण शुल्कावर, फार तर परीक्षा शुल्कावर मिळते. बाकीच्या ओळी तुमच्याच. अनामत मात्र परत मिळते, ती मागून घ्यावी. शिवाय एस.टी.चा पास, पुस्तके आणि मूल नाशिकला ठेवले तर खोली व खाणावळ. हा पावतीबाहेरचा खर्च अनेकदा पावतीपेक्षा मोठा होतो.

दुसरी अडचण वेळेची. फी भरायची ती जून ते ऑगस्टमध्ये. लग्नसराई संपलेली, शेतकऱ्याचा पैसा बी-बियाण्यात आणि खतात अडकलेला, शिवणकाम मंद. आपल्या धंद्यात सर्वांत कोरडे महिने हेच. पगारदाराला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात, कारागिराला तसे नाही. म्हणून मूल दहावीत गेले की त्याच्या नावाने वेगळे खाते उघडावे आणि लग्नसराईच्या दिवसांतच त्यात रक्कम टाकावी.

हक्क काय आहेत?

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला, की ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यातील ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणजे ईडब्ल्यूएस गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. ही सवलत शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांतही आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ती नाही, आणि खासगी विद्यापीठांना व खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. याच उत्पन्न मर्यादेत मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी शिक्षण फी मिळण्याच्या योजना आहेत.

आपल्यापैकी मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्या नाहीत, त्यांना २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ईडब्ल्यूएसचा दाखला अटी पूर्ण झाल्यास मिळू शकतो. ‘आम्ही मुसलमान, आम्हाला काही नाही’ असे म्हणून घरी बसणारे अनेक भाऊ मी पाहतो. हा गैरसमज काढून टाका.

२०२४ च्या जुलैत आमच्या दुकानासमोर शिलाई मशीन लावणारे मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘शेठ, मुलगी फार्मसीला जायचे म्हणते. कॉलेजात आकडा ऐकला आणि उठून आलो. तिला समजावून सांगा, आपल्याला नाही जमणार.’ मी म्हणालो, ‘मास्तर, आधी कागद दाखवा.’ मास्तर पिंजारी. जातीचा दाखला होता, मुलीची वैधता नव्हती. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो. मुलीच्या आजोबांची नोंद जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडली, पण उर्दूतले नाव आणि मराठी दाखल्यातले नाव जुळत नव्हते. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो असल्याने ती नोंद वाचून दिली, प्रतिज्ञापत्र केले, निफाड तहसीलला चकरा मारल्या. मुलीला केंद्रीभूत फेरीतून प्रवेश मिळाला आणि शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. वसतिगृहाचे पैसे मात्र उरलेच. त्यासाठी चार दुकानदारांनी मिळून बिनव्याजी रक्कम दिली. मास्तर गणवेशाच्या शिलाईतून ती फेडत आहेत. मुलगी शिकते आहे.

कारागीर व व्यापारी बंधूंनी एवढे करावे :

प्रवेशाआधी कॉलेजला ‘तुकडी अनुदानित आहे का’ हे विचारावे आणि सर्व ओळींसह फीचा तक्ता मागावा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चनंतर लगेच नवा काढावा. जात वैधतेचे काम मूल अकरावीत असतानाच सुरू करावे. मुलाचे बँक खाते आधारशी जोडावे आणि महाडीबीटीचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नये. प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळते. २०२४-२५ साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा देण्याचा नियम केला होता. प्रत्येक वर्षाची तारीख पाहून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे पडताळून झाल्यावर कॉलेजला ती अडवून ठेवता येत नाहीत.

बँकेचे शैक्षणिक कर्ज हा शेवटचा उपाय समजावा. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण व्याज आहे. व्याजाचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना बोचतो. म्हणूनच गावोगावच्या व्यापाऱ्यांनी बिनव्याजी तालीम फंड उभा करावा. मुंबईची अंजुमन-इ-इस्लाम १८७४ साली स्थापन झाली, तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजींसारख्या वकिलांबरोबर नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारखे व्यापारीही होते. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. विंचूरसारख्या गावात दहा दुकानदारांनी लग्नसराईत प्रत्येकी थोडी रक्कम बाजूला काढली, तर जुलैत दोन-तीन मुलांची अनामत आणि खोलीभाडे निघते. दिलेली रक्कम परत आली की पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येते.

शासनाने शिक्षणावरचा खर्च वाढवावा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे, कारण सगळा भार फंडाने आणि दाखल्यांनी पेलणार नाही. पण तो दिवस येईपर्यंत निदान जे हक्काचे आहे ते कागदाअभावी बुडू देऊ नका. माझ्या भावाच्या मुलाचे जे झाले ते तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.