नगरच्या किल्ल्यातले मौलाना

कर्जत तालुक्यात पुढाऱ्याची पारख करण्याची जुनी रीत आहे. लग्नाला आला का, मय्यतीला खांदा दिला का, कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी आणला का, उन्हाळ्यात टँकर वेळेवर पाठवला का. आमच्या या दुष्काळी पट्ट्यात ही पारख चुकीची म्हणता येत नाही. ज्याच्या एका फोनवर टँकर येतो, त्याला लोक मानणारच. पण एखाद्याला मानणं वेगळं आणि आपणही त्याच्यासारखं व्हावं असं वाटणं वेगळं. घरातल्या मुलांना आवडता पुढारी विचारला तर उत्तर गाड्यांच्या ताफ्यावरून आणि चौकातल्या फ्लेक्सवरून येतं. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज तेच असतं.

दुसरं काही दाखवायचं तर फार लांब जावं लागत नाही. कर्जतहून मिरजगावमार्गे एसटीने नगरला जावं. तिथला भुईकोट किल्ला चांदबीबीच्या नावाने आपल्या घरांत ठाऊक असतो. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात तिने तो लढवला, हे मुलं शाळेत शिकतात. त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद जवळपास पावणेतीन वर्षं कैदेत होते, हे मात्र पुष्कळांना सांगावं लागतं.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. आदल्या रात्री ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता आणि मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांना, पंडित नेहरूंना, सरदार पटेलांना आणि कार्यकारिणीच्या इतर सदस्यांना रेल्वेने नगरला आणून किल्ल्यात ठेवलं. नेहरूंनी तिथल्या दगडगोट्यांच्या जमिनीत बाग फुलवली आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. मौलानांनी पत्रं लिहिली. ती आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून होती, पण टपालात टाकायची सोय नव्हती. पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. पहाटे उठून स्वतःच्या हाताने करायचा चिनी चहा, दूध घालून त्याची चव घालवणाऱ्यांवरचा राग, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी हळूहळू जमलेली दोस्ती, असं बरंच त्यात आहे. (उकळून उकळून साखर घातलेला आपल्याकडचा चहा मौलानांनी तोंडाला लावला नसता!)

पण आम्हाला सांगायचं आहे ते ११ एप्रिल १९४३ च्या पत्राबद्दल.

मौलानांच्या पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्यात होत्या. ३ ऑगस्ट १९४२ ला मौलाना मुंबईला निघाले तेव्हा त्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या. नवीन काही घडलं नाही तर १३ तारखेपर्यंत परततो, असं मौलाना म्हणाले. बेगम ‘खुदा हाफिज’पलीकडे काही बोलल्या नाहीत. तब्येत आधीच खालावलेली होती. १९४३ च्या मार्चमध्ये ती गंभीर झाल्याची खबर किल्ल्यात पोहोचली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, तुम्हाला सरकारला काही कळवायचं असेल तर मी लगेच मुंबईला पोहोचवतो. म्हणजे नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. नेहरूंनीही तसं सुचवून पाहिलं. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारला ‘देश सोडून जा’ म्हटलं, त्याच्याकडे स्वतःच्या घरासाठी सवलत मागायची नाही, एवढंच. ९ एप्रिलला बेगमसाहेबांचं निधन झालं. छत्तीस वर्षांचा संसार संपला.

सवलत मागणं हा गुन्हा नव्हता. मागितली असती तर कोणीही नावं ठेवली नसती. आमच्या मते मौलानांचं मोठेपण इथेच आहे. त्या वर्षी तुरुंग हजारो साध्या कार्यकर्त्यांनी भरले होते. त्यांच्याही घरी आजारपणं होती आणि त्यांच्यासाठी मुंबईला निरोप न्यायला कोणी अधिकारी येत नव्हता. आज तालुक्याच्या कचेरीत रांग सोडून आत जाणारा पुढारी रोज दिसतो. आपल्या घरापुरता नियम वाकवायची संधी समोर चालून आली असता ती परत पाठवणारा विरळा.

तरीही हे पत्र शूरपणाच्या कहाणीसारखं वाचता येत नाही. मौलाना लिहितात, की बाहेरून दिनक्रम तसाच ठेवला, जेवणाच्या वेळा मोडल्या नाहीत. पण आत सगळं हललं होतं आणि चेहऱ्यावरची शांतता हा बराचसा देखावा होता. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याच्या पावलांचा आवाज आला की जीव धडधडायचा. ज्यांनी कुरआनचा तर्जुमा आणि तफसीर लिहिली, सब्रवर ज्यांनी इतरांना समजावलं, त्यांनी स्वतःच्या सब्रचा हा असा हिशेब मांडला. पुढारी सहसा आपला कणखरपणा सांगतात. तो टिकवताना काय काय झालं, हे सांगत नाहीत.

आपल्या घरातल्या बायका हे ऐकून एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे: बेगमसाहेबांना काय हवं होतं, ते कोणी विचारलं? शेवटच्या दिवसांत नवरा जवळ असावा, असं कोणाला वाटणार नाही? याला आमच्याकडे तयार उत्तर नाही. फक्त जुलैखा बेगम नुसत्या वाट पाहत बसणाऱ्या नव्हत्या, एवढं नोंदवायला हवं. १९२२ मध्ये मौलानांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यांनी गांधीजींना कळवलं होतं, की ही शिक्षा आमच्या तयारीच्या मानाने फारच कमी आहे. आणि बंगालच्या खिलाफत कमिटीचं मौलाना करत असलेलं काम आता मी पाहीन. दारातल्या त्या ‘खुदा हाफिज’मागे ही बाई होती. म्हणून त्या नकाराची किंमत दोघांनी मोजली, असं आम्ही म्हणू. पण त्यातला मोठा वाटा कोणाचा, हे ज्याने त्याने घरात बोलून ठरवावं.

जून १९४५ मध्ये मौलाना सुटले. तोवर त्यांना नगरहून बंगालमधल्या बांकुऱ्याला हलवलं होतं. हावडा स्टेशनवर गर्दी होती, बँड वाजत होता. मौलानांना तो आवडला नाही. माझे हजारो साथी अजून तुरुंगात आहेत, हा जल्लोषाचा प्रसंग नाही, असं त्यांनी बजावलं. गाडी हावडा पुलावर आली तेव्हा त्यांना तीन वर्षांपूर्वीचा दारातला निरोप आठवला. घरी जाण्याआधी त्यांनी गाडी कब्रस्तानकडे वळवायला सांगितली. गाडीत स्वागताचे हार भरले होते. त्यांतला एक उचलून त्यांनी कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढली.