नट आवळला, पण बसला का?

पेरणी जवळ आली की आपल्या गटाच्या अवजार बँकेत रोटाव्हेटरची झिजलेली पाती बदलायचं काम निघतं. त्यासाठी आता आपल्याकडे बॅटरीवर चालणारं इम्पॅक्ट रेंच आहे. गॅरेजमध्ये टर्रर्र आवाज करत चाकाचे नट खोलतात, तेच मशीन. फक्त याला ना वायर, ना हवेची नळी.

हे मशीन नट नुसता फिरवत नाही, ठोकून फिरवतं. आत एक वजनदार हातोडा गोल फिरतो. नट अडला की तो फिरण्याच्या दिशेनेच ठोके मारायला लागतो, मिनिटाला हजारांच्या हिशेबात. बरणीचं घट्ट झाकण पिळून निघत नाही, पण कडेने चार टोले दिले की सुटतं, तसंच हे. दोघींनी जोर लावूनही न हललेला गंजका नट सुटतो, आणि मनगटाला हिसकाही फारसा बसत नाही. खोलायच्या कामाला यासारखं दुसरं काही नाही, असं आम्ही बिनधास्त सांगतो.

आवळताना मात्र गोष्ट वेगळी. बोल्ट म्हणजे एक कडक स्प्रिंगच. आवळला की तो किंचित ताणतो, आणि परत आखडायच्या ओढीने पातं दाबून धरतो. ताण कमी पडला तर शेतातल्या धक्क्यांनी नट सैल होतो. ताण फार झाला तर बोल्ट जुन्या इलॅस्टिकसारखा लांबतो आणि लांबलेलाच राहतो. नाहीतर आटे जातात, किंवा बोल्ट तुटतो. फिरत्या रोटाव्हेटरचं पातं सुटलं तर गोफणीतल्या दगडासारखं जातं. मागे कोण उभं आहे, ते त्याला दिसत नाही.

मशीनचा घोडा दाबून धरला की ठोक्यागणिक ताण वाढत जातो. बॅटरी भरलेली की उतरलेली, गोटी थेट लावली की लांब दांड्यावर, यावरही जोर बदलतो. म्हणून ‘एवढा वेळ आवाज आला म्हणजे बसला’ हा हिशेब खरा नाही. मशीनच्या खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे त्याचा जास्तीत जास्त जोर. आपल्या बोल्टला तेवढा हवा असतो, असं मुळीच नाही.

आता काम कसं करायचं? ट्रॅक्टर बंद, किल्ली आपल्या खिशात, आणि रोटाव्हेटर भक्कम ठोकळ्यांवर टेकवलेला. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणी खाली हात घालू नये. डोळ्यांना चष्मा लावा. गोटी बदलताना बॅटरी काढून ठेवा. गोटी काळी, जाड, इम्पॅक्टचीच हवी. हातपान्याची चकचकीत गोटी ठोक्यांनी तडकते.

आटे तारेच्या ब्रशने साफ करा. आवळताना आपला बहुतेक जोर घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यात माती-गंज असला तर नट घट्ट लागतो, पण पातं धरलेलं नसतं. उलट तेल लावलं तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणतो. पुस्तिकेत सांगितलं असेल तरच तेल. नट आधी बोटांनी दोन-तीन आटे चढवा, मग मशीन कमी वेगावर. पातं टेकलं आणि ठोके सुरू झाले की लगेच सोडा. शेवटचं आवळणं हाताने.

हाताने किती? तो आकडा अवजाराच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये असतो. टॉर्क पाना असेल तर आकडा लावा, ‘टक’ झालं की थांबा. तो नसेल तर धान्य तोलायचा हुकाचा ताणकाटा चालतो. समजा पुस्तिकेत ८० न्यूटन-मीटर लिहिलंय. नटाच्या मध्यापासून बरोबर एक फुटावर पान्याला काटा अडकवा, पान्याशी काटकोनात हळूहळू ओढा. सुमारे २७ किलो दिसले की झालं. दोन फुटांवर धरलं तर त्याच्या निम्मे. म्हणजे पान्यावर उभं राहायची गरज नाही, आणि पाइप घालून गड्यासारखा जोर दाखवायचीही नाही.

बोल्ट बदलताना डोक्यावरचा आकडा बघा. १०.९ च्या जागी ८.८ चा घालू नका, तो कमी ताकदीचा असतो. चाकाचे नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळत जा, म्हणजे चाक सरळ बसतं.

नवीन पाती लावल्यावर पहिले काही तास चालवून नट पुन्हा तपासायचे. त्यासाठी आम्ही नट आणि पातं दोन्हींवरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढतो. संध्याकाळी अवजार धुतलं की एक फेरी मारायची. रेघ सरळ असेल तर नट जागेवर आहे. तुटलेली दिसली, तर दुसऱ्या दिवशीच्या शेतावर जायच्या आधी पाना काढायचा.