अश्वशक्ती आणि बर्फाचा टन

विहिरीवरील पंपावर '५ अश्वशक्ती' असे लिहिलेले असते. पण त्यात घोडा नसतो. वातानुकूलन यंत्र 'दीड टनाचे' म्हणून विकले जाते. पण त्याचे वजन दीड टन नसते. मग ही नावे आली कोठून?

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये खाणींतील पाणी उपसणे, गिरण्यांची चाके फिरवणे अशी कामे घोडे करीत. स्कॉटलंडमध्ये १७३६ साली जन्मलेल्या जेम्स वॅट याने वाफेच्या एंजिनात मोठी सुधारणा केली. नवे एंजिन किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकास समजावे म्हणून त्याने घोड्याच्या कामाचे माप ठरवले. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलण्याइतकी शक्ती, म्हणजे एक अश्वशक्ती. पुढे शक्तीच्या एककास वॅटचेच नाव मिळाले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

थंडावा निर्माण करणारी यंत्रे येण्यापूर्वी बर्फ दूरदूरहून आणला जाई. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून निघालेले एक जहाज बर्फ घेऊन कलकत्त्यास पोचले होते. पुढे यंत्रे आली, तेव्हा त्यांचे सामर्थ्य बर्फाशी ताडून सांगण्याची रीत पडली. अमेरिकेतील टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅमचा असतो. शून्य अंशावरील एवढा बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकीच उष्णता तेवढ्या वेळात बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे होय. हे माप सुमारे साडेतीन किलोवॅट, म्हणजे ३,५०० वॅट भरते.

आता ३,५०० ला ७४६ ने भागले, की सुमारे ४.७ येतात. तेव्हा एक टनाच्या यंत्रास ४.७ अश्वशक्तीची मोटर हवी, असे कोणासही वाटेल. भागाकार बरोबर आहे. पण निष्कर्ष चुकीचा आहे.

समजा, एखाद्या गावातील सहकारी दूध संस्थेस १,००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांपर्यंत चार तासांत थंड करावयाचे आहे. विलंब झाला, तर दूध नासेल. एक लिटर दूध एक अंशाने थंड करण्यास सुमारे ४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणून एकंदर उष्णता १,००० × ३१ × ४, म्हणजे १,२४,००० किलोज्यूल झाली. चार तासांचे सेकंद १४,४००. भागाकार केल्यास सुमारे ८.६ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ अडीच टन येतात. याच आकड्याची सरळ अश्वशक्ती केली, तर साडेअकरा अश्वशक्तीची मोटर घ्यावी लागेल आणि संस्थेचा पैसा वाया जाईल. वास्तविक सुमारे ४ अश्वशक्तीची मोटर हे काम करू शकते.

हे कसे घडते? शीतयंत्र थंडी उत्पन्न करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. मोटरची शक्ती या वाहतुकीपुरती खर्च होते. चांगले यंत्र एक किलोवॅट वीज घेऊन सुमारे तीन किलोवॅट उष्णता बाहेर नेते. म्हणून ८.६ किलोवॅटसाठी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वीज पुरते. मात्र बाहेरची हवा अधिक तापली, की हे काम कठीण होते आणि वीज अधिक लागते. म्हणून भर उन्हाळ्याचा विचार करून मोटर थोडी मोठी घेणे शहाणपणाचे असते.

अश्वशक्ती मोटरने केलेले काम मोजते. टन बाहेर काढलेली उष्णता मोजतो. दोन्ही वॅटमध्ये मांडता येतात, म्हणून ती एकच वस्तू ठरत नाहीत. एकक बदलण्यापूर्वी हे माप कशाचे आहे, हे ज्याने पाहिले, त्याचेच गणित व्यवहारात उपयोगी पडते.