डेस्कटॉप संगणकातील प्रोसेसर अद्ययावतीकरण

डेस्कटॉप संगणकातील जुना प्रोसेसर काढून त्याच्या जागी अधिक कार्यक्षम प्रोसेसर बसवण्याच्या क्रियेस प्रोसेसर अद्ययावतीकरण असे म्हणतात. प्रोसेसर अर्थात केंद्रीय प्रक्रिया विभाग आज्ञावलीतील सूचना वाचून त्यांची अंमलबजावणी करतो. म्हणून त्याला संगणकाचा मेंदू म्हणण्याचा प्रघात आहे. या उपमेतून एक गैरसमजही रूढ झाला आहे, तो असा की संगणक संथ झाला म्हणजे प्रोसेसर बदलण्याची वेळ आली. वास्तविक संगणकाचा वेग प्रोसेसर, रॅम, साठवण आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या एकत्रित कामावर अवलंबून असतो, आणि ज्या घटकासाठी इतरांना थांबावे लागते तोच एकूण वेग ठरवतो. त्यामुळे नवा प्रोसेसर घ्यावा की नाही, हे बाजारात काय नवे आले आहे यावरून नव्हे, तर आपल्या संगणकात कोण कोणासाठी थांबते यावरून ठरवणे इष्ट असते.

पार्श्वभूमी

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्यापूर्वीच, १९६५ मध्ये, गॉर्डन मूर यांनी एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असे अनुमान मांडले होते. १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. ट्रान्झिस्टर जसजसे लहान होत गेले, तसतशी प्रोसेसरची वारंवारताही वाढत गेली. त्या काळात काही वर्षांनी घेतलेला नवा प्रोसेसर जवळजवळ प्रत्येक काम आपोआप जलद करीत असे.

२००४ च्या सुमारास उष्णता आणि वीजवापर यांमुळे ही वाढ खुंटली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी दोन गाभ्यांचे, म्हणजेच दोन कोअरचे, डेस्कटॉप प्रोसेसर विक्रीस आणले. तेव्हापासून प्रगतीचा एक मोठा भाग गाभ्यांची संख्या वाढवण्याकडे वळला, आणि अद्ययावतीकरणाचा लाभ कामाच्या स्वरूपावर अवलंबून राहू लागला.

वेगाची परिमाणे

वारंवारता: प्रोसेसर सेकंदाला किती आवर्तने पूर्ण करतो, हे गिगाहर्ट्झमध्ये सांगतात. मात्र एका आवर्तनात किती सूचना पूर्ण होतात, हे प्रत्येक रचनेत वेगळे असते. म्हणून निरनिराळ्या पिढ्यांतील प्रोसेसरांची तुलना केवळ गिगाहर्ट्झवरून करता येत नाही.

कॅश स्मृती: वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या निकट ठेवणारी ही लहान पण अतिजलद स्मृती होय. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स या प्रोसेसरात तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट आहे, तर २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये ती ९६ मेगाबाइट आहे. दुसऱ्याची कमाल वारंवारता पहिल्यापेक्षा कमी असूनही अनेक खेळांमध्ये तो पुढे राहतो.

गाभ्यांची संख्या: गाभे वाढल्याने सर्वच कामे त्या प्रमाणात जलद होत नाहीत. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो अखेर लाभाला मर्यादा घालतो, हे तत्त्व जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडले. समजा, एका गाभ्यावर एखाद्या कामाला १० मिनिटे लागतात आणि त्यांपैकी ८ मिनिटांचे काम वाटून देता येते. ४ गाभ्यांवर ते ४ मिनिटांत, ८ गाभ्यांवर ३ मिनिटांत आणि १६ गाभ्यांवर अडीच मिनिटांत होईल. गाभे कितीही वाढवले तरी ते २ मिनिटांच्या आत येणार नाही. चित्रफितीचे रूपांतर किंवा त्रिमितीय चित्रनिर्मिती यांसारखी कामे चांगली वाटली जातात. पत्रलेखन, वेबपाने पाहणे वा साधा हिशेब यांना अनेक गाभ्यांचा विशेष उपयोग होत नाही.

अडथळ्याचे निदान

वरील तत्त्व निदानासाठीही उपयोगी पडते. एखादी मोठी फाइल उघडण्यास २० सेकंद लागत असतील आणि त्यांपैकी १५ सेकंद हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जात असतील, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवूनही साडेसतरा सेकंद लागतील. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला विखुरलेली माहिती शोधण्यास दर वेळी काही मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याचा अल्पसा अंशच पुरतो. अशा संगणकात एसएसडी बसवणे हा स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय ठरतो. रॅम अपुरी असल्यास संगणक साठवणीचा तात्पुरती स्मृती म्हणून वापर करू लागतो. तेव्हाही दोष प्रोसेसरचा नसतो.

निदानासाठी नेहमीचे काम चालू ठेवून विंडोजमधील टास्क मॅनेजर पाहावा. येथे एक चकवा असतो. ६ गाभ्यांच्या व १२ धाग्यांच्या प्रोसेसरात एकच धागा पूर्ण व्यग्र असला, तर एकूण वापर केवळ ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. प्रोसेसर रिकामा आहे असे त्यावरून वाटते. प्रत्यक्षात ते काम एकाच धाग्यावर अडलेले असते. म्हणून प्रत्येक धाग्याचा आलेख स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक असते.

खेळांच्या बाबतीत चित्राचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. तसे केल्यावर सेकंदाला दिसणाऱ्या चौकटींची संख्या लक्षणीय वाढली, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा असतो. ती जवळपास तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसरचा.

सुसंगतता

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट, मदरबोर्डवरील चिपसंच आणि बायोसची आवृत्ती या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नवा प्रोसेसर चालतो. २०१७ मध्ये विकत घेतलेल्या दोन संगणकांच्या उदाहरणाने याचे महत्त्व स्पष्ट होते.

पहिल्यात एएमडीचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर एएम४ सॉकेटवर आहे. त्याच सॉकेटसाठी २०२२ मध्ये रायझन ५ ५६०० आला. दोहोंत ६ गाभे व १२ धागे आहेत आणि दोहोंची नियत औष्णिक मर्यादा ६५ वॅट आहे. परंतु नव्याची रचना एका आवर्तनात बरेच अधिक काम करते. २०१७ च्या मदरबोर्डांवर हे प्रोसेसर चालवण्यास एएमडीने २०२२ मध्ये मुभा दिली. त्यामुळे मदरबोर्ड-उत्पादकाने तसा बायोस दिला असेल, तर रॅम व मदरबोर्ड तेच ठेवून एकच भाग बदलणे शक्य होते.

दुसऱ्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटवर आहे. त्याच वर्षी आलेल्या आठव्या पिढीच्या सॉकेटलाही तेच नाव होते, तरी इंटेलने त्यासाठी नवा चिपसंच आवश्यक ठेवला. या संगणकाच्या मालकाला पुढच्या पिढीत जायचे असल्यास मदरबोर्डही बदलावा लागतो.

मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली की खर्चाचे गणित पालटते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ रॅम चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांवरील संपर्कबिंदूंची संख्या २८८ अशी समान असली, तरी खाचेची जागा वेगळी असल्याने त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

संचालन प्रणालीचा प्रश्न

वेग पुरेसा असतानाही प्रोसेसर बदलण्याचे एक कारण उद्भवू शकते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या सातव्या पिढीतील बहुतेक प्रोसेसर नाहीत, तसेच रायझन ५ १६०० ही नाही. रायझन ५ ५६०० मात्र आहे. वरील दोन संगणकांपैकी पहिला त्यामुळे एका भागाच्या खर्चात वापरात राहू शकतो. दुसऱ्यासाठी लिनक्सवर आधारित एखादी प्रणाली हा पर्याय विचारात घेता येतो.

बदलापूर्वीची दक्षता

* मदरबोर्ड-उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांची यादी पाहून, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा. आधी प्रोसेसर बदलल्यास संगणक सुरूच होत नाही, असे घडू शकते.
* डिस्कवर बिटलॉकर कूटबंधन चालू असल्यास पुनर्प्राप्तीची कळ आधी लिहून ठेवावी. अनेक संगणकांत कूटबंधनाची किल्ली प्रोसेसरशी निगडित सुरक्षा-विभागात असते. प्रोसेसर बदलल्यावर ती मिळेनाशी होते आणि कळ नसल्यास सर्व माहितीस मुकावे लागते.
* महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी.
* एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर उचलताना प्रोसेसरही उपटून येऊ शकतो. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, तो बंद करून वीज तोडावी आणि कूलर हलकेच फिरवत सोडवावा.
* नव्या प्रोसेसरची औष्णिक मर्यादा अधिक असल्यास कूलर आणि वीजपुरवठा संच पुरेसे आहेत का, हे तपासावे.

जुन्या प्रोसेसरची विल्हेवाट

काढलेला प्रोसेसर बहुधा चालू स्थितीत असतो व दुसऱ्या संगणकात उपयोगी पडतो. निरुपयोगी झालेले सुटे भाग मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. त्यांनुसार असे भाग नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांकडे जाणे अपेक्षित आहे. जो संगणक आपले काम वेळेत करतो त्याचा प्रोसेसर न बदलणे, हाही निदानाअंती घेतलेला तितकाच योग्य निर्णय ठरतो.