सुंभाचा पीळ

‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं’ ही म्हण ज्याच्या कानांवर पडली नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. मानी सासऱ्यापासून निवडणुकींत आपटलेल्या पुढाऱ्यापर्यंत ती कोणालाही लागू पडते. परंतु भंडारा जिल्ह्यांतील आमच्या लाखांदूर तालुक्यांत, जेथें पाहावें तेथें धानाच्या बांध्या आणि तलाव, आणि नारळीचें झाड दृष्टीस पडणें कठीण, तेथें ही म्हण वापरणारांपैकीं किती जणांना सुंभ म्हणजे काय हें सांगतां येईल? वर्गांत आम्ही हा प्रश्न जवळजवळ दरसाल घालीत असूं. कोणी सांगे, सुंभ म्हणजे जाड दोर. कोणी सांगे, सुंभ म्हणजे मठ्ठ माणूस. दुसरें उत्तर देणारा मुलगा अगदींच वाट चुकलेला नसे, कारण बोलण्यांत तोही अर्थ रूढ आहे. पण म्हणींतला सुंभ तो नव्हे.

सुंभ म्हणजे नारळाच्या सोडणांतून निघणाऱ्या काथ्याची दोरी. आपल्याकडे नारळ येतो तो सोललेला. डोळ्यांवर राखलेली शेंडी हीच काय ती त्याच्या मूळ वस्त्राची खूण, आणि तीही राखतात ती धर्मासाठीं नव्हे, तर डोळे झांकलेले राहून नारळ लौकर नासूं नये म्हणून. कलशावर ठेवतांना शेंडी कोणीकडे असावी ह्याविषयीं घरोघर मतभेद ऐकूं येतात. ती शेंडी बोटांनीं पिंजून मांडीवर वळून पाहण्याचें मात्र फारसें कोणी मनावर घेत नाहीं. आमच्या भागांत सुंभ प्रत्यक्ष दिसे तो पानठेल्यावर. आढ्याला एक दोरी टांगलेली असे, तिचें खालचें टोंक दिवसभर धुमसत राही, आणि येणारा जाणारा त्यावर आपली विडी पेटवून घेई. म्हणीची सत्यता तेथें उभ्या उभ्या पटत असे. जळालेल्या टोंकाची राख खालीं पडेपर्यंत पिळासकट जशीच्या तशी उभी राहते.

असें कां व्हावें? ह्याचें उत्तर काथ्याच्या घडणींत आहे. लाकडाला कठीणपणा आणणारें लिग्निन नांवाचें जें द्रव्य आहे, तें काथ्याच्या तंतूंत शेंकडा चाळिसांहून अधिक असतें. तागांत तें ह्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि कापसांत जवळजवळ नाहींच. म्हणून काथ्या भडकून पेटत नाहीं, धुमसतो, आणि त्याचा कोळसा आपला आकार सोडीत नाहीं. त्याच द्रव्यामुळें तो खाऱ्या पाण्यांत लवकर कुजत नाहीं. शिवाय तो पाण्यावर तरंगतो आणि ताण पडला म्हणजे रबरासारखा नव्हे, पण बराच लांबतो. लाटेच्या हिसक्यानें नांगरलेला मचवा मागें सरला तर दोर तुटण्याऐवजीं ताणून पुन्हां आंखडतो. कोंकणच्या कोळ्यांनीं रापणीच्या दोरासाठीं त्याला मान दिला तो ह्या गुणामुळें. लोखंडी खिळे न मारतां फळ्या सुंभानें शिवून जहाजें बांधण्याची रीत हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर शेंकडों वर्षें चालत होती. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता ह्यानें ती नमूद करून ठेविली आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रांत पांचव्या शतकांतलें जहाज दिसतें. त्याच्या धर्तीवर गोव्यांत केरळच्या कारागिरांनीं फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून एक जहाज बांधलें, आणि मे २०२५ मध्यें कारवार येथें ‘कौंडिण्य’ ह्या नांवानें तें भारतीय नौदलांत दाखल झालें. आमच्या पानठेल्यावर विडी पेटविणारी दोरी आणि तें जहाज एकाच जातीचें आहे.

आतां ही दोरी होते कशी तें पाहूं. जमिनींत रोवलेल्या अणीदार लोखंडी पहारेवर नारळ आपटून, पिरगाळून सोडण वेगळें करतात. नंतर जुन्या पद्धतीप्रमाणें तीं सोडणें खाडीच्या अर्धवट खाऱ्या पाण्यांत, जाळ्यांत बांधून किंवा चिखलांत दाबून, सहा ते दहा महिने भिजत ठेवावयाचीं. मूल पोटांत असतें त्याहून कांहीं वेळां अधिकच! ह्या काळांत सूक्ष्म जंतु तंतूंना चिकटविणारा लगदा खाऊन टाकतात. पाणी काळें पडतें, कुजक्या अंड्यांसारखी घाण सुटते, मासे मरतात. पुढें हीं सोडणें बाहेर काढून लांकडी ठोकळ्यावर मोगरीनें बडवितात. भुसा गळून पडतो आणि सोनेरी तंतू हातीं येतो. ढोबळ मानानें हजार सोडणांतून ऐंशी ते नव्वद किलो तंतू मिळतो. हें बडविण्याचें काम केरळांत पिढ्यान् पिढ्या बायकांनीं केलें, कमरेइतक्या त्या पाण्याच्या कांठीं बसून. ज्या दोरीनें देवाचा रथ ओढला जातो तिच्या जन्माची ही कथा वाचकांस ठाऊक असावी, एवढ्याचसाठीं इतकी सविस्तर दिली.

एकेक तंतू फार तर वीतभर, क्वचित् थोडा अधिक. त्याची कोसभर दोरी व्हावयाची ती केवळ पिळाच्या जोरावर. जुन्या कारखान्यांत ह्यासाठीं दोन रहाट असतात. पहिला एका जागीं रोवलेला. एक बाई तो फिरविते, आणि दुसऱ्या दोघी कमरेच्या झोळींतून काथ्या सोडीत सोडीत उलट्या पावलांनीं मागें मागें जातात. अंगणाचें टोंक आलें कीं दोन धागे तयार. मग ते दुसऱ्या, पुढें सरकणाऱ्या रहाटाला अडकवून, मध्यें खांचा पाडलेला लांकडी ठोकळा धरून, एकमेकांवर चढवितात. ह्या ठिकाणीं सगळी मेख आहे. सुटा धागा ज्या दिशेनें पिळला असेल, त्याच्या उलट दिशेनें दोन धागे एकत्र पिळावयाचे. धागा उलगडूं पाहतो एकीकडे, दोरी उलगडूं पाहते दुसरीकडे. दोघे एकमेकांना अडवून धरतात, आणि त्या भांडणांतून दोरी स्थिर राहते. दोनांऐवजीं तीन पेड घेतले म्हणजे जाड दोर होतो. संस्कृतांत दोरीच्या पेडाला ‘गुण’ म्हणतात. सत्त्व, रज, तम ह्यांना सांख्यांनीं गुण कां म्हटलें, हें तीनपेडी दोर वळतांना पाहिलेल्याला टीकेवांचून कळतें. वेदान्ती मंडळींनीं दोरीवर पुष्कळ लिहिलें, पण तें बहुतेक तिच्यावर साप भासतो म्हणून. ती वळणाऱ्याकडे त्यांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

तें लक्ष कौटिल्याचें गेलें होतें. अर्थशास्त्रांत सूत्राध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. विधवा, अपंग स्त्रिया, वृद्ध दासी इत्यादिकांकडून सूत कांतून घ्यावें, ज्या घराबाहेर पडत नाहींत त्यांना दासींमार्फत काम पोंचवावें, आणि वेतन सुताचा बारीक-जाडपणा व परिमाण पाहून द्यावें, असें तो सांगतो. त्याच अध्यायांत दोर वळून घेण्याचीही व्यवस्था आहे. वेळेवर वेतन न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड सांगण्यासही तो विसरलेला नाहीं. दोन सहस्र वर्षांनीं काथ्याच्या धंद्यांत जो तंटा माजला तो ह्याच ठिकाणीं माजला.

त्रावणकोर संस्थानांतील आलप्पुळा येथें १८५९ सालीं जेम्स दरा नांवाच्या गोऱ्या व्यापाऱ्यानें काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला. त्यानंतर युरोप-अमेरिकेंतल्या उंबऱ्यांवर जीं पायपुसणीं पडलीं त्यांचा फार मोठा भाग ह्याच पट्ट्यांतून गेला. मजुरीची स्थिति मात्र अशी होती कीं, १९२२ सालीं तेथील काथ्या-कामगारांनीं त्रावणकोर लेबर असोसिएशन ही संघटना उभारली, आणि १९३८ सालीं मोठा संप झाला. १९५३ सालीं संसदेनें काथ्या-उद्योगाचा कायदा करून कोचीस कॉयर बोर्ड स्थापिलें. आलप्पुळ्याजवळ कलवूर येथें संशोधनसंस्थाही निघाली. (कॉयर हा शब्दही इंग्रजीनें मल्याळमांतील ‘कयर’, म्हणजे दोर, ह्यावरून उचललेला आहे.) पुढें सोडणें बडविणारीं यंत्रें आलीं. एका यंत्रानें अनेक बायकांचें काम होई, म्हणून १९७० नंतरच्या दशकांत केरळ सरकारनें त्यांना आडकाठी केली. बायकांचा रोजगार कांहीं काळ वांचला. पण यंत्रें शेजारच्या तमिळनाडूंत, पोळ्ळाचीकडे, निर्वेधपणें चालूं लागलीं आणि तंतूचा धंदा तिकडे सरकला. ह्यांत चूक कोणाची, हें आम्हांस निश्चयानें सांगतां येत नाहीं. त्या घाणेरड्या पाण्यांतून बायका सुटाव्यात असें वाटतें. सुटून त्यांनीं खावें काय, हेंही विचारावेंसें वाटतें.

आपल्या कोंकणांत नारळ थोडा नाहीं. सिंधुदुर्गांत वेंगुर्लें, मालवण, सावंतवाडी ह्या बाजूला वाड्याच्या वाड्या आहेत. मग काथ्याचा धंदा तेथें केरळासारखा कां फोफावला नाहीं? सोडणें एका जागीं गोळा होत नाहींत, घरोघर विखुरलेलीं असतात, हें एक कारण. दुसरें घरगुती आहे. न्हाणीघराच्या चुलींत पाणी तापवावयास सोडणासारखें जळण नाहीं! जी वस्तु रोज सकाळीं फुकट ऊन पाणी देते ती विकावयास कोणी सहज तयार होत नाहीं. तरीही वेंगुर्ल्यास महिला काथ्या कामगारांची एक औद्योगिक सहकारी संस्था उभी राहिली, आणि तिनें बायकांना हें काम शिकवून दोर, पायपुसणीं वगैरे जिन्नस करविले. आतां यंत्रावर सोडण फोडावयाचें तर महिनोन् महिने कुजवावें लागत नाहीं, थोडे दिवस भिजविलें तरी पुरतें. रहाटही विजेवर फिरतो, म्हणून उलट्या पावलांची पायपीट टळते. जो भुसा पूर्वीं टेकड्यांसारखा सांठून राही, तो आतां रोपवाटिकांतून मातीऐवजीं वापरतात. काथ्याचें जाळें उतारावर अंथरलें तर गवत मूळ धरीपर्यंत माती थोपवून धरतें आणि मग कांहीं वर्षांत आपण होऊन कुजून जातें. आमच्याकडील मालगुजारी तलावांच्या पाळी पावसाळ्यांत खचतात तेथें तें कोणी अंथरून पाहावें, अशी सूचना येथें करून ठेवितों.

कोंकणांत तंतू आहे आणि पीळ देणारे हात शिकवून तयार करावे लागत आहेत. आमच्याकडे गोष्ट उलट झाली. दोर वळण्याची विद्या वैनगंगेच्या ह्या कांठीं परकी नव्हती. धुऱ्यावर अंबाडी आणि सण पेरीत. अंबाडीच्या पाल्याची भाजी पानांत येई, आणि वाढलेल्या काड्या तलावांत कुजवून त्यांचा वाक सोलीत. त्या वाकाचें दावें, कासरा, नाडा, विहिरीचा दोर. पोळ्याला बैलांच्या अंगावर नवे कासरे आणि मोरक्या चढत. पीळ देण्याची रीत तीच, सुट्या पेडाला एक दिशा व दोराला दुसरी. वळणारे हात मांगवाड्यांतले. सबंध गांव त्यांच्या दोरावर पाणी ओढी, पण त्यांना त्या विहिरीवर चढूं देत नसे. ही गोष्ट आमच्यासारख्या घरांनीं लिहून ठेवावी, कारण तो नियम राखणारांत आमच्या घरांचा मोठा वांटा होता. मोबदला बलुत्याचा, म्हणजे खळ्यावर देणारा देईल तो.

पुढें नायलॉनचे रंगीत दोर आले. ते स्वस्त, हलके, न कुजणारे. शेतकऱ्यानें ते घेतले ह्यांत नवल नाहीं. अंबाडी धुऱ्यावरून भाजीपुरती उरली, आणि वळणारांचीं मुलें दुसऱ्या कामाला लागलीं. त्या कामांतून त्यांना विहिरीचा हक्क आणि रोख मजुरी मिळाली असेल तर जुन्या दोरासाठीं हळहळण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण नायलॉनचा दोर बैलाच्या मानेला काचतो, गांठ सुटते, आणि तुटल्यावर त्याचे धागे वर्षानुवर्षें बांधींत पडून राहतात, हेंही खरें.

काथ्याची दोरी अद्याप आमच्या बाजारांत बाजा विणण्यासाठीं येते. घेतांना एक टोंक थोडें उलगडून पाहावें. तंतू वीतभर लांब, लवचीक व सोनेरी असतील तर दोरी चांगली. आंखूड, ठिसूळ आणि भुसा गळणारे असतील तर ती घाईनें वळलेली आहे असें समजावें. सोडलेलें टोंक आपण होऊन पुन्हां वळूं पाहतें कीं तसेंच फांकून राहतें, हेंही बघावें. बाज विणण्यापूर्वीं दोरी रात्रभर भिजवून ताणून घ्यावी, म्हणजे पुढें झोळ पडत नाहीं. आणि दुकानदार नायलॉनच्या भावाशीं तुलना करूं लागला, तर वीतभर तंतूपासून हातभर दोरी होण्यास किती फेरे लागतात हें त्याला विचारून मग भाव करावा.