विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारचे स्टिअरिंग व्हील बदलताना काय पाहावे? व्यास, बॉस आणि सुरक्षेचे गणित काय?

जुनी स्पोर्ट्स कार हाती आली की मालक सर्वात आधी स्टिअरिंग व्हील बदलतात. इंजिनाच्या कामाच्या मानाने हा खर्च कमी आणि काम तासाभराचे. बदल मात्र गाडीत बसताक्षणी जाणवतो. शिवाय जुन्या व्हीलची कडा तडकलेली, रंग उडालेला, हॉर्न बंद, अशी अवस्था असतेच. पण व्हील हा केवळ शोभेचा भाग नाही. गाडीचे वजन हाताला किती जाणवणार हे त्यावर ठरते आणि अपघातात चालकाच्या छातीसमोर तेच असते. जगभर सर्वाधिक जपल्या गेलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक असलेल्या ‘एमजीबी’च्या उदाहरणावरून ही निवड कशी करावी, याचा आढावा.

एमजीबीचेच उदाहरण का?

भारतात ‘एमजी’ म्हटले की आज ‘हेक्टर’ आठवते. पण ‘मॉरिस गॅरेजेस’ या ऑक्सफर्डमधील व्यवसायातून जन्मलेले हे नाव अनेक दशके छोट्या, उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्यांसाठी ओळखले जात होते. त्यातील एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. टपबंद ‘जीटी’ धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यातील मोठा वाटा अमेरिकेत गेला. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि व्हीलचे पर्यायही भरपूर आहेत.

दुसरे कारण तांत्रिक आहे. एमजीबीचे स्टिअरिंग ‘रॅक अँड पिनियन’ पद्धतीचे असून त्याला पॉवर स्टिअरिंगची जोड नाही. म्हणजे चाकांकडून येणारा प्रत्येक धक्का आणि भार थेट चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचतो. अशा गाडीत व्हीलचा आकार बदलला की परिणाम लगेच कळतो. शिवाय अठरा वर्षांच्या उत्पादनात खुद्द कंपनीनेही व्हील अनेकदा बदलले. सुरुवातीच्या गाड्यांना साडेसोळा इंच व्यासाचे, बारीक पोलादी तारांचे आरे असलेले मोठे व्हील होते. पुढे छिद्रे पाडलेल्या धातूच्या आऱ्यांचे, चामड्याची कडा असलेले व्हील आले आणि शेवटच्या वर्षांत चार आऱ्यांचे आणखी लहान व्हील बसवले गेले.

व्यास कमी केला तर नेमके काय होते?

हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. चाके वळवण्यासाठी स्टिअरिंगच्या दांड्यावर ठरावीक पीळ, म्हणजे टॉर्क, लागतो. हाताने लावायचे बल म्हणजे तो टॉर्क भागिले व्हीलची त्रिज्या. त्रिज्या घटली की बल वाढते.

समजा, गाडी जागेवर उभी असताना वळवण्यासाठी २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. साडेसोळा इंची व्हीलवर हाताला सुमारे ९.७ किलो जोर लावावा लागेल. १४ इंची व्हीलवर तोच जोर साडेअकरा किलो होईल आणि १३ इंचीवर सव्वाबारा किलोच्या पुढे जाईल. म्हणजे १४ इंची व्हीलसाठी सुमारे १८ टक्के, तर १३ इंचीसाठी २७ टक्के जादा ताकद. महामार्गावर हा फरक फारसा जाणवत नाही. पार्किंगमध्ये किंवा घाटातल्या तीव्र वळणावर मात्र खांदे दुखू लागतात. त्यात गाडीला मूळ मापापेक्षा रुंद टायर असतील तर भार आणखी वाढतो.

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांना मोठे व्हील का असायचे, याचे उत्तर यातच आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या काळी-पिवळी ‘पद्मिनी’चे मोठे, बारीक कडेचे व्हील आठवून पाहा. ती फॅशन नव्हती, ती गरज होती.

मग लहान व्हील घेऊच नये का?

तसे नाही. लहान व्हीलचे फायदे खरे आहेत. तेवढ्याच वळणासाठी हाताला कमी अंतर कापावे लागते. साडेसोळा इंची व्हीलच्या पूर्ण फेऱ्यात हात सुमारे ५२ इंच फिरतो, तर १४ इंचीवर ४४ इंच. त्यामुळे गाडी अधिक चपळ वाटते. एमजीबीसारख्या ठेंगण्या गाडीत उंच चालकाच्या मांड्या मोठ्या व्हीलला घासतात. अशा व्यक्तीसाठी लहान व्हील ही चैन नसून सोय आहे.

येथे कारखान्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९७७च्या मॉडेलला लहान व्हील देताना कंपनीने रॅकचे गुणोत्तरही बदलले. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हील सुमारे तीन वेळा फिरवावे लागे, ते आता साडेतीन वेळा फिरवावे लागू लागले. व्हील लहान झाल्याने वाढणारा भार गुणोत्तराने भरून काढला. हौशी मालक मात्र बहुतेकदा फक्त व्हील बदलतो आणि रॅक तसाच ठेवतो. म्हणून सुरुवातीच्या एमजीबीसाठी १५ किंवा १४ इंच हा मधला मार्ग ठरतो. १३ इंची व्हील शर्यतीच्या ट्रॅकवर शोभते. रोजच्या वापरात ते जड जाते.

व्यास ठरवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. लहान व्हीलची कडा वेगमापक आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीच्या नेमकी आड येऊ शकते. जाड पुठ्ठ्याचे त्या मापाचे वर्तुळ कापून जुन्या व्हीलसमोर धरून पाहिले तरी याचा अंदाज येतो.

लाकूड, चामडे की प्लास्टिक?

लाकडी कडेच्या व्हीलचे आकर्षण १९५० आणि ६०च्या दशकांतील इटालियन व ब्रिटिश गाड्यांमुळे रुजले. इटलीची ‘नार्डी’ आणि ब्रिटनची ‘मोटो-लिटा’ ही त्यातील ठळक नावे. इटलीचीच ‘मोमो’ ही कंपनी शर्यतपटू जानपिएरो मोरेत्ती यांनी सुरू केली. मोरेत्ती आणि मोन्झा या शब्दांतून तिचे नाव आले. १९६४ मध्ये फेरारीतून फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवणाऱ्या जॉन सर्टीस यांच्या गाडीला मोरेत्तींचे व्हील होते आणि तेथून मोमोची ख्याती पसरली. मोमोची ओळख जाड, हाताला मऊ लागणाऱ्या कडेची.

लाकूड देखणे असले तरी घामेजलेल्या हातातून निसटते. जुन्या काळी चालक चामडी हातमोजे घालत त्यामागे हेही कारण होते. उन्हात गाडी उभी राहिली की लॅकरला बारीक तडे जातात आणि त्यातून ओलावा आत शिरतो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत हा त्रास अधिक. चामड्याची पकड उत्तम, पण पावसाळ्यात गाडी झाकून ठेवली तर त्यावर बुरशी येते. उघड्या टपाच्या गाडीसाठी चांगल्या शिलाईचे, छिद्रांचे चामडे हा सर्वात व्यवहार्य पर्याय मानला जातो.

तिसरा मार्ग म्हणजे मूळ व्हीलच दुरुस्त करणे. प्लास्टिकची कडा तडकली असेल, पण आतील पोलादी कडे आणि आरे शाबूत असतील, तर तडे रुंद करून त्यात इपॉक्सी भरतात, घासून आकार देतात आणि रंगवतात. आरा हलत असेल किंवा मधला भाग सैल झाला असेल तर मात्र असे व्हील रस्त्यावर वापरू नये.

बॉस म्हणजे काय, आणि गफलत कुठे होते?

बाहेरच्या कंपनीचे व्हील थेट दांड्यावर बसत नाही. मध्ये ‘बॉस’ नावाचा जोड लागतो. त्याची एक बाजू गाडीशी, तर दुसरी व्हीलशी जुळावी लागते. गाडीच्या बाजूला दांड्यावरचे दाते, म्हणजे स्प्लाइन, असतात. एमजीबीत हे दाते आणि कॉलमची रचना उत्पादनाच्या काळात बदलत गेली. त्यामुळे ‘एमजीबीचा बॉस’ एवढेच सांगून भागत नाही. गाडीचे वर्ष आणि कॉलम कोणता ते सांगावे लागते. पन्नास वर्षांत कोणी दुसऱ्या वर्षाचा कॉलम बसवला असण्याचीही शक्यता असते, म्हणून कागदपत्रांपेक्षा प्रत्यक्ष दांडा पाहणे उत्तम.

व्हीलच्या बाजूला सहा बोल्टची छिद्रे असतात. मोमोच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास ७० मिलिमीटर, तर नार्डीचा ७४ मिलिमीटर. फरक अवघा चार मिलिमीटरचा, पण छिद्रे जुळत नाहीत म्हणून ती कानस मारून ओढण्याचा ‘जुगाड’ कधीही करू नये. तसे केल्यास सगळा भार एक-दोन बोल्टवर येतो. दोन्ही मापांची छिद्रे असलेले बॉस बाजारात मिळतात, तेच घ्यावेत.

बॉसची उंची आणि व्हीलची खोली यांचाही हिशेब करावा. सपाट व्हीलऐवजी खोलगट व्हील घेतले, तर कडा चालकाच्या दिशेने काही सेंटिमीटर पुढे येते. हॉर्नची जोडणी आणि वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद करणारी यंत्रणा नव्या बॉससोबत चालते का, हेही विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सुरक्षेचा मुद्दा किती गंभीर?

सर्वात गंभीर. सुरुवातीच्या अनेक गाड्यांप्रमाणे जुन्या एमजीबीचा स्टिअरिंग कॉलमही आखूड न होणारा होता. समोरून धडक बसली की असा दांडा सरळ चालकाकडे सरकतो. याच कारणाने अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून दोन मानके लागू केली. एक, धडकेत स्टिअरिंगने चालकाला होणारी इजा कमी करणारे आणि दुसरे, कॉलम मागे सरकण्यावर मर्यादा घालणारे. त्यानंतर अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबीला धडकेत दबणारा कॉलम मिळाला.

या कॉलममध्ये ठरावीक जोराला तुटणाऱ्या प्लास्टिकच्या पिना असतात. अडकलेले व्हील काढण्यासाठी मिस्त्रीने दांड्यावर हातोडा मारला, तर या पिना आतल्या आत तुटू शकतात. गाडी चालते, पण कॉलमची रचना कमकुवत झालेली असते. म्हणून व्हील काढताना पुलरच वापरावा. नट पूर्ण काढू नये, काही आटे सैल करून तसाच ठेवावा. नाहीतर व्हील झटक्याने सुटून तोंडावर बसते. चाके सरळ ठेवून खूण करावी आणि नवे व्हील बसवल्यावर नट गाडीच्या मॅन्युअलमधील टॉर्कनुसारच आवळावा. सहा बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत जावे आणि काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा तपासावे.

एअरबॅग असलेल्या गाडीला हे सारे लागू होत नाही. १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ आता क्लासिक गणली जाते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या गाडीच्या व्हीलमध्ये एअरबॅग होती. ती काढून देखणे लाकडी व्हील बसवणे म्हणजे कारखान्याने दिलेले संरक्षण स्वतःच्या हाताने काढणे. शिवाय एअरबॅगमध्ये स्फोटक प्रज्वलक असतो. सामान्य गॅरेजमध्ये तिला हात लावणे धोक्याचे आहे.

अस्सल-नक्कल कशी ओळखावी?

नावाजलेल्या कंपन्यांच्या व्हीलच्या नकला ऑनलाइन बाजारात सर्रास दिसतात. वरून चिन्ह तेच असते, पण आतल्या आऱ्यांचा धातू आणि जोड निकृष्ट असू शकतो. जर्मनीत व्हील बदलण्यासाठी मान्यता लागते. त्यामुळे मोमोच्या व्हीलमागे ‘केबीए’ने सुरू होणारा मान्यता क्रमांक कोरलेला असतो. वापरलेले व्हील घेताना मागची बाजू पाहावी. खुणा घासलेल्या असतील, आऱ्याच्या मुळाशी केसासारखी भेग असेल किंवा छिद्रे लांबट झाली असतील, तर किंमत कितीही कमी असो, सौदा टाळावा.

भारतातील नियम काय सांगतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत दिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. व्हीलचा व्यास आरसीवर नोंदलेला नसतो, तरीही बदलापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून ठेवलेले बरे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हाच बदल वादाचा मुद्दा होऊ शकतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. त्यासाठी ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांक मालिका आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून तिची मुदत १० वर्षे आहे. त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. व्हिंटेज रॅलीतील परीक्षकही मूळ भागांना महत्त्व देतात.

म्हणून जुने व्हील, त्याचा नट आणि हॉर्नचे बटण भंगारात देऊ नये. कागदात गुंडाळून, लेबल लावून कोरड्या जागी ठेवावे. पुढे गाडी विकताना, नोंदणीच्या वेळी किंवा नवे व्हील हाताला जड वाटू लागल्यावर तेच कामी येते.